पंप कोणाच्या पाठीवर?

(युवकांच्या अभ्यास-शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

दोस्तहो, आणि मागं बसलेल्या आयाबायांनो,

कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढं 'सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी आणि शेतीतले कष्टकरी' असा विषय छापलाय. विषय भारदस्त आहे. मी त्यातलं एकच बोलणार, फवाऱ्याबद्दल. तेवढंच मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझा बाप यवतमाळ जिल्ह्यात दुसऱ्याच्या वावरात फवारा मारायचा. संध्याकाळी घरात आधी वास यायचा, मग बाप यायचा. आई त्याचा सदरा बाकीच्या कपड्यांत मिसळू द्यायची नाही. वेगळा दगडावर आपटायची, मग रात्रभर तिच्या हातांची आग व्हायची. आम्ही पोरं विचारायचो, कसला वास येते? बाप म्हणायचा, औषधाचा.

औषध! खोकल्याचं औषध, तापाचं औषध आणि पऱ्हाटीवरच्या किडीचंही औषध. कृषी केंद्रात औषध मिळतं, वावरात औषध मारतात, माणूस धुऱ्यावर आडवा झाला की म्हणतात औषध चढलं, आणि दवाखान्यात नेला की तिथंही औषधच देतात. बाटलीवर मात्र कायद्यानं एक चौकोन छापावा लागतो, कोपऱ्यावर उभा केलेला. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. लाल असला तर वर कवटी आणि दोन हाडं. ही कवटी माझ्या बापानं जन्मभर पाहिली. त्याला वाटायचं ते कंपनीचं निशाण आहे.

कायदा म्हणतो विष, गाव म्हणतं औषध. ह्यात सोय कोणाची? जो विकतो त्याची, आणि जो दुसऱ्याच्या हातानं मारून घेतो त्याची. विष मारायला चल म्हटलं तर माणूस चार प्रश्न विचारेल, मजुरी वाढवून मागेल. औषध मारायला चल म्हटलं की तो पंप उचलतो.

बापाचे हात थरथरायचे. गाव म्हणायचं, दारूनं. तो प्यायचाही, खोटं कशाला बोलू. पण माझा काका थेंबाला शिवायचा नाही, माळ्यावरच्या बुद्धाच्या फोटोला रोज मेणबत्ती लावायचा, आणि त्याचेही हात थरथरायचे. त्याच्याबद्दल गाव काही बोलायचं नाही. तो विषय काढायचाच नाही.

2017 साल तुम्हाला आठवत असेल. त्या वर्षी जुलैपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन 20 च्या वर माणसं मेली. सुमारे 800 जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं. कित्येकांना दिसेनासं झालं, काहींची नजर परत आली. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. नोझल वर धरून मारायचं आणि मारलेलं सगळं आपल्याच तोंडावर, छातीवर झेलायचं. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा सांगितलं होतं की बोंडअळीचे फवारे कमी होतील. गुलाबी बोंडअळीनं पुढं बीटीही पचवली. मग दुकानदार सांगेल ते दोन-दोन, तीन-तीन जातींचं विष एकाच ड्रममध्ये कालवून मारणं सुरू झालं.

वर्तमानपत्रांनी लिहिलं, शेतकरी मेले. मेलेल्यांत दोन-तीन एकरवाले शेतकरी होतेच, त्यांच्या बायकापोरांचं दुःख मी मोजायला बसलेलो नाही. पण त्यांच्यात असेही होते ज्यांच्या नावावर ह्या देशात गुंठाभर जमीन नाही. शेतमजूर. बौद्धवाड्यातले, मांगवाड्यातले, कोलामांच्या पोडावरचे. ते मेल्यावर एक दिवसापुरते शेतकरी झाले. जिवंतपणी कोणी त्यांना तो मान दिला नव्हता.

आणि मग वरून सूर निघाला. निष्काळजीपणा! मोजे घातले नाहीत, तोंडाला बांधलं नाही, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून मारलं, उपाशीपोटी मारलं. गुन्हेगार कोण, तर जो मेला तो.

1968 चा कीटकनाशक कायदा आणि 1971 चे नियम काढून वाचा. हा कायदा आला तोही माणसं मेल्यावरच. 1958 मध्ये केरळात एकाच जहाजातून विष आणि गव्हाचं पीठ आलं, पिठात विष सांडलं, 100 च्या वर माणसं ते खाऊन मेली. नियमांत स्वच्छ लिहिलंय की विष बनवणारा, वाहणारा, विकणारा आणि फवारणारा, ह्या सगळ्यांच्या अंगावर संरक्षक कपडे पाहिजेत. बनवणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं शिकवण्याची सोय करायची आहे. विषबाधेची प्रत्येक घटना कळवायला लावण्याचा अधिकार कायद्याच्या 26 व्या कलमानं राज्य सरकारला दिलाय. आमच्या बापाला पन्नास वर्षांत कोण शिकवायला आलं होतं? कृषी केंद्राच्या भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं आलं. त्यावर हिरवंगार शेत आणि हसणारा शेतकरी. त्याच्या पाठीवर पंप नव्हता.

आता माझ्या शिक्षणाकडं येतो. बापाला मला डॉक्टर करायचं होतं, तेवढे मार्क पडले नाहीत. मी सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमाला लागलो. पहिल्याच आठवड्यात सरांनी लंडनची गोष्ट सांगितली. 1854 साली तिथं ब्रॉड स्ट्रीटच्या भागात कॉलरा पसरला. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरनं घरोघर फिरून मेलेल्यांची नोंद केली आणि ताडलं की एका पंपाचं पाणी दूषित आहे. मग त्या पंपाचा दांडा काढून टाकायला लावला. सगळ्या जगात आमचा विषय ह्या पंपापासून शिकवतात. वर्गात पंप, पंप चाललं होतं आणि माझ्या डोक्यात दुसराच पंप. बापाच्या पाठीवरचा, निळा, गळका.

आमच्या वर्गात कोणी हे सांगितलं नाही की पुण्याजवळ 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत ह्यांनी हडपसरच्या बाजूला माळावर दवाखाना काढला होता, आणि प्लेगनं फणफणलेलं महाराचं पोर पाठीवर घेऊन ही बाई तिथवर गेली आणि त्यातच मेली. 1927 चा चवदार तळ्याचा सत्याग्रहही कोणी आरोग्याच्या धड्यात घालत नाही. माणसानं कुठलं पाणी प्यायचं हे जात ठरवत असेल तर तो आरोग्याचा प्रश्न नाही तर कशाचा? असो. सर वाईट नव्हते. त्यांना जे शिकवलं ते त्यांनी आम्हाला शिकवलं.

पण एक धडा फार कामाचा होता, तो नीट ऐका. कामाच्या जागी धोका असला तर काय करायचं ह्याची पायरीवार उतरंड आहे. पहिल्यांदा धोकाच काढून टाका. ते जमत नसेल तर त्याच्या जागी कमी धोक्याचं काही आणा. तेही नाही तर यंत्र सुधारा, धोका माणसापासून लांब ठेवा. मग कामाची पद्धत, वेळ, पाळ्या बदला. आणि सगळ्यात शेवटी, बाकी काहीच उरलं नाही तर, माणसाच्या अंगावर मोजे आणि चष्मा चढवा. हा शेवटचा उपाय सगळ्यात कच्चा समजतात. परीक्षेला हा प्रश्न हमखास यायचा. मी तो बरोबर लिहिला. आणि 2018 च्या पावसाळ्यात आम्ही सहा विद्यार्थी, चार मुलं, दोन मुली, एका गावात सहा आठवड्यांसाठी गेलो, तेव्हा आमच्याजवळ काय होतं? मोज्यांची आणि चष्म्यांची खोकी! लंडनच्या डॉक्टरनं पंपाचा दांडा काढायला लावला. आम्ही निघालो होतो पंपावर पाणी भरणाऱ्यांना तोंडाला फडकी वाटायला.

गावाचं नाव सांगत नाही. माणसं तिथं राहतात, उद्या त्यांना तिथंच कामाला जायचंय.

ग्रामपंचायतीपुढं आम्ही कार्यक्रम केला. टोपी, चष्मा, मास्क, मोजे, अॅप्रन, सगळं एका मुलाच्या अंगावर चढवून दाखवलं. पुढं खुर्च्यांवर कास्तकार. ज्यांच्या अंगावर ते चढवायचं होतं ते मागं, बाभळीखाली उभे. टाळ्या झाल्या, फोटो झाला. खोकी कुठं ठेवायची? एका मोठ्या कास्तकाराच्या कोठ्यात. आमचं जेवणही त्याच्याकडंच होतं.

पांगापांग झाल्यावर बौद्धवाड्यातले एक काका जवळ आले. वय पन्नाशीचं असेल, हाडं मोजून घ्यावीत असं अंग. मला म्हणाले, 'बाबू, तू कोनाचा?' मी बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. ते हसले. 'मंग तं तुले ठाव असाले पायजे. हे सारं घालून पंप मारून पाय एकदा. मंग भाषन दे.'

दुसऱ्या दिवशी मी मारून पाहिला. नुसतं पाणी भरून, विष नाही. सोळा लिटरचा पंप, म्हणजे पाण्याचंच सोळा किलो ओझं, वर पंपाचं वजन वेगळं. पाऊस उघडला होता, ऊन करकरीत, पऱ्हाटीच्या तासांत वारा नाही. दहा मिनिटांत चष्म्यावर धुकं बसलं, मला तास दिसेना. मोज्यात घाम साचून हात बुळबुळीत. मास्क ओला होऊन नाकाला चिकटला, श्वास घ्यायला मी तोच खाली ओढला. दोन पंपांत मी बसलो. काका तोवर नागड्या हातानं पाच पंप मारून मोकळे, आणि त्यांच्या पंपात विष होतं.

फवाऱ्याची मजुरी पंपावर असते हे तुम्हाला माहीत आहे. जितके पंप तितके पैसे. जो सगळं अंगावर घालेल त्याचे पंप अर्धे होणार, पैसे अर्धे होणार. आमच्या खोक्यातल्या मोज्यांची किंमत तो मजूर आपल्या पोटातून भरणार होता. आम्ही सहाजण शिकलेले, आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हा हिशोब आला नव्हता.

आणखी एक बघा. पंपाचं झाकण गळतं, विष पाठीवरून ओघळत खाली जांघेत जातं. तिथली कातडी सगळ्यात भराभर विष पिते, हाताच्या कातडीच्या कितीतरी पट. लाजायचं काम नाही, हे पाठ करून ठेवा. आम्ही हाताला मोजे देत होतो आणि विष शिरत होतं पाठीकडून, गळक्या पंपातून. तीस-चाळीस रुपयांचं रबर बदललं असतं तर खोकाभर मोज्यांपेक्षा जास्त काम झालं असतं. पण पंप कास्तकाराचा. रबर कोण बदलणार?

बाया आमच्या फॉर्ममध्येच नव्हत्या. प्रश्न छापलेला होता, 'आपण फवारणी करता का?' बाया म्हणायच्या, नाही. आम्ही 'नाही'वर खूण करून पुढं. आमच्यातल्या एका मुलीला चौथ्या दिवशी सुचलं. तिनं विचारलं, ड्रममध्ये पाणी कोण भरतं? 'आमीच तं भरतो.' औषध कोण कालवतं? 'आमीच.' कशानं? एका मावशीनं कोपरापर्यंत हात दाखवला. काडी सापडली नाही तर हातानं! दुसऱ्या दिवशी त्याच वावरात निंदायला त्याच, भाकरी खायला तिथंच, आणि घरी येऊन नवऱ्याचे कपडे धुवायलाही त्याच. त्यांतली एक सात महिन्यांची होती. आमच्या फॉर्मप्रमाणं ह्या बायांना विषाचा काही संबंध नव्हता.

सप्टेंबरात काका पडले.

संध्याकाळी त्यांची बायको शाळेत आली, आमचा मुक्काम शाळेत होता. काका ओट्यावर बसले होते, घामानं निथळत. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, दंडाचं मांस आपोआप उडत होतं. मी बॅटरी मारून बुबुळं बघितली, टाचणीच्या टोकाएवढी झालेली. पुस्तकात हेच लिहिलेलं असतं. ऑर्गेनोफॉस्फेट जातीचं विष शरीरातलं कोलिनेस्टरेज बंद पाडतं. नसेनं दिलेला निरोप थांबतच नाही, सगळं अंग पाझरायला लागतं, शेवटी श्वास जातो. कपडे उतरवून साबणपाण्यानं अंग धुवायचं, ओकारी काढायला लावायची नाही, आणि न थांबता दवाखाना गाठायचा. तेवढं आम्ही केलं. गल्लीत लोक म्हणत होते, प्यायला असंल.

तीस किलोमीटरवर दवाखाना. ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या, लक्षणं बघून त्यांनी लगेच अॅट्रोपिन सुरू केलं. मग त्यांनी विचारलं, कोणतं होतं? आम्ही एकमेकांची तोंडं बघतो. काकांच्या बायकोला विचारलं तर ती म्हणाली, 'पांढरं होतं.' बाई म्हणाल्या, नाव पाहिजे, दोन मिसळली असतील तर दोन्हींची नावं पाहिजेत, काहींना उताराच नसतो, मला कळायला पाहिजे मी कशाशी भांडतेय.

बाटल्या त्या मोठ्या कास्तकाराच्या कोठ्यात. मी फोन केला. ते म्हणाले, 'तुमी शिकाले आले नं? शिका. तो पिऊन पडला. माह्या औषधाचं नाव कायले घेता?' आणि वर म्हणाले, उद्यापासून जेवणाचं तुमचं तुम्ही बघा.

दोस्तहो, इथं मला जे सांगायचंय ते मी आजवर कोणत्या व्यासपीठावर सांगितलेलं नाही. फोन ठेवून मी बाकड्यावर गप्प बसलो. अर्धा तास. डोक्यात काय होतं? दोन आठवडे उरलेत, परवानगी गेली तर सहाजणांचं वर्ष बुडेल. समोर काका, माझ्या बापाच्या वयाचे, लाळ गाळत पडलेले, आणि मी, फवारेवाल्याचा पोरगा, वर्षाचा हिशोब करत बसलेला. मी उठलो नाही. उठली ती मुलगी, जिनं ड्रमचं विचारलं होतं. आपल्यातली नव्हती ती. तिनं दवाखान्यातल्या एका भावाची गाडी मागितली, काकांच्या बायकोला मागं बसवलं आणि अंधारात गावाकडं गेली. कोठ्याला कुलूप होतं. त्या दोघी धुऱ्यावर गेल्या, मोबाइलच्या उजेडात बोरीच्या झुडपाखालून दोन रिकाम्या बाटल्या उचलून आणल्या. एक ऑर्गेनोफॉस्फेट. दुसरीला खास उतारा नाही, लक्षणं सांभाळत राहायचं. नऊ दिवसांनी काका घरी आले. हात अजून थरथरतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात.

अहवाल लिहिताना मी कारणांच्या रकान्यात लिहिलं, पंपावर मजुरी, गळका पंप, विषाचं नाव मजुराला माहीत नाही, मालकानं बाटली दिली नाही. मार्गदर्शकांनी त्यावर रेघ मारली. म्हणाले, ही भाषा शास्त्रीय नाही. त्या जागी त्यांनी लिहिलं, 'संरक्षक साधनांचा वापर न करणे.' म्हणजे निष्काळजीपणाच, इस्त्री करून. मी सही केली. पास व्हायचं होतं. तो अहवाल कुठंतरी कपाटात आहे आणि त्यावर माझी सही आहे.

2019 च्या हंगामात आम्ही दोघं परत गेलो. ती मुलगी आणि मी. खोकी नव्हती, फॉर्म नव्हता, कास्तकाराचं जेवण नव्हतं. बौद्धवाड्यात समाजमंदिरात राहिलो. रात्री कामावरून आलेली माणसं बसायची, जास्त करून बायाच. आम्ही सांगायचो थोडं. कवटीचा अर्थ सांगितला, रंग सांगितले, बुबुळं कशी बघायची ते सांगितलं. एका म्हातारीनं घरून लाल त्रिकोणाचा डबा आणला, धुऊन तिनं त्यात मीठ ठेवलं होतं. आम्ही तो फोडला तेव्हा ती रडली. चांगला डबा होता म्हणाली. दुसरा डबा आम्ही आणून द्यायला पाहिजे होता. आमच्या ध्यानात आठ दिवसांनी आलं.

मग बोलता बोलता लोकांनीच ठरवलं. बाटली बघितल्याशिवाय, तिचा मोबाइलवर फोटो घेतल्याशिवाय पंप पाठीवर घ्यायचा नाही. धुऱ्यावर आधी स्वच्छ पाण्याचा ड्रम आणि साबणाची वडी, मग काम. गळका पंप परत. दोन जातींचं कालवलेलं मारायचं नाही. बायांनी त्यात भर घातली की जी पोटुशी असेल तिनं कालवायचं नाही आणि तिची मजुरी बुडायची नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पंपावर मजुरी नको, दिवसावर पाहिजे. सकाळी लवकर मारू, ऊन चढलं की थांबू.

लहान कास्तकारांपैकी काहींनी मानलं. चार एकरवाला एक कुणबी तर आमच्यात येऊन बसायला लागला, कारण तो स्वतःच्या पाठीवर पंप घेणारा. त्याला 2017 मध्ये दोन दिवस दिसत नव्हतं. त्यानं कामगंध सापळे लावले, अळी मोजून मगच फवारायचं ठरवलं, बायकोनं निंबोळ्या कुटून अर्क केला. त्याच्या वावरात दोन फवारे गळाले. डिसेंबरात त्यानं पऱ्हाटी उपटून टाकली, फरदड घेतली नाही, म्हणजे अळीला पुढचं घर राहू नये. बघा, उतरंडीची पहिली पायरी ती हीच. वर्गात बसून जी आम्ही घोकली ती चार एकरवाल्यानं करून दाखवली.

त्या मोठ्या कास्तकारानं काय केलं? शेजारच्या गावाहून मजूर आणले. तिथलेही आपलेच लोक. आठ दिवस वाड्यातल्या सात घरांना फवाऱ्याचं काम नाही. एक मावशी मला म्हणाली, 'बाबू, तुई शिष्यवृत्ती येते. आमची कोन देते?' माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. त्या आठ दिवसांत दोन घरं फुटली, जुन्या भावानं पंपावर गेली. त्यांना मी गद्दार म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. नवव्या दिवशी बोंडअळी वाढली, बाहेरचे मजूर पुरेनात, आणि साबण, पाणी, बाटलीचं नाव एवढं त्यानं मान्य केलं. दिवसाची मजुरी नाही केली. अजून नाही.

इथं कोणी म्हणेल, हा पोरगा क्रांतीची गोष्ट सोडून साबणाच्या वडीवर आला. हरकत नाही, म्हणा. पण आपल्या पंपाचा दांडा कुठं आहे ते बघा. मजुराला नाही म्हणता येत नाही, कारण त्याच्याजवळ जमीन नाही. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह 1959 मध्ये केला, मग 1964 मध्ये पुन्हा केला, ती मागणी अजून तशीच पडून आहे. आणि जमीन नाही म्हणून सात-बारा नाही, सात-बारा नाही म्हणून विमा नाही. शेतकरी अपघाताची सरकारी योजना आहे, विषबाधेनं मेलं तर पैसे मिळतात. कोणाला? खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. ज्याच्या पाठीवर पंप आहे तो खातेदार नाही, खातेदाराच्या घरातलाही नाही. सरकारच्या लेखी तो त्या वावरात नव्हताच. कारखान्यातल्या कामगारासाठी 1948 चा कायदा झाला, निदान इन्स्पेक्टर नावाचा प्राणी तरी आला. वावरात कोणता इन्स्पेक्टर कधी आला?

तुमच्यात नर्सिंगच्या मुली आहेत, फार्मसीचे आहेत, कृषी पदविकेचे दोघंतिघं आहेत, आणि आरोग्याचा अभ्यास करणारेही दिसतात. त्यांना माझं सांगणं एवढंच की खोकी घेऊन जाऊ नका. कृषीवाल्यांनो, उद्या तुम्हीच कृषी केंद्राच्या काउंटरमागं बसाल, तेव्हा बिलावर विषाचं नाव लिहायला आणि दोन बाटल्या एकत्र न द्यायला काय हरकत आहे? नर्सताईंनो, रात्री कोणी थरथरत आला तर आधी बुबुळं बघा, तोंडाचा वास मागाहून. आणि अहवाल लिहिणाऱ्यांनो, मार्गदर्शकानं रेघ मारली तर काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी काय केलं ते मी सांगितलं.

मृग लागून झाला आहे. पहिला फवारा महिनाभरात सुरू होईल. त्या गावाला आणि शेजारच्या दोन गावांना आम्ही ह्या हंगामात चौघं जातोय, आणखी सहाजण लागतील. दोन तरी मुली पाहिजेत, बाया आमच्याशी सगळं बोलत नाहीत. राहायचं समाजमंदिरात, जेवण घरोघर वाटून, पण तांदूळ-डाळ आपली न्यायची, त्यांच्यावर ओझं टाकायचं नाही. प्रत्येकानं साबणाच्या वीस वड्या आणि पंपाच्या झाकणाची रबरं आणावीत. सोळा लिटरच्या पंपाची, दुकानात माप सांगून घ्या, नाहीतर बसत नाहीत. नावं दाराजवळच्या टेबलावर लिहून घेत आहेत.

जय भीम.